फुटपाथची उंची

हिल्सबरोच्या उतारावर वळण संपते आणि खाली मनुकाऊ खाडीचे राखाडी पाणी एकदम दिसू लागते. तिथेच डॉक्टर संपदा मेश्रामने इतक्या जोरात ब्रेक दाबला की शेजारच्या सीटवरची पर्स, स्टेथोस्कोप आणि जेवणाचा डबा तिन्ही घरंगळून खाली पडले. समोर तिच्याच लेनमध्ये, रस्त्याची कड धरून, एक वृद्ध बाई उलट्या पावलांनी गाडीकडे येत होती. पाठ गाडीकडे, तोंड उताराकडे, हातात मिटलेली लाल छत्री झेंड्यासारखी उंच धरलेली. हाताच्या अंतरावर चांगला रुंद, कोरडा फुटपाथ होता. त्या फुटपाथकडे बघून ती बोलत होती, आणि फुटपाथवर चिटपाखरूही नव्हते. बंद काचेतून शब्द कळत नव्हते, लय मात्र कळत होती, आणि ती बरळण्याची लय नव्हती. पूर्णविराम जागच्या जागी पडत होते. बाईची पाठ बॉनेटला टेकली. तिने वळून दोन बोटांनी बॉनेटवर टकटक केली, वाटेत आडव्या लावलेल्या हातगाडीवर करावी तशी, गाडीला वळसा घातला आणि ती पुढे निघाली. संपदाने काच खाली केली तेव्हा उरलेले वाक्य कानावर आले. परक्या वळणाचे पण स्वच्छ इंग्रजी होते ते. "...म्हणून सर्वांनी जवळजवळ राहा, पुढे गल्ली अरुंद आहे." अडथळा आला, वळसा पडला, पण वाक्य तुटले नव्हते. संपदाने गाडी कडेला घेतली.

मागून पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत सानिका धावत आली. सानिका पुण्याची, इथल्या वृद्धनिवासातली मुख्य नर्स. "सॉरी मॅडम, सॉरी! लागलं नाही ना तुम्हाला? हीच ती हाना. तुम्ही जिला बघायला आलात ना, तीच." धाप लागलेल्या अवस्थेतही ती नोंदी सांगितल्यासारखी सांगत होती. "गेटचा कोड दोनदा बदलला, मॅडम. कुरिअरवाला आला की त्याच्या पाठोपाठ निघते. हीप्स ट्राय केलं आम्ही, खूप म्हणजे खूप. फुटपाथ म्हणजे काय हेच तिला कळत नाही हो आता. उलटी चालते. नसलेल्या माणसांशी बोलते, त्यांची डोकी मोजते. परवा एका ट्रकवाल्याला गप्प बसायला सांगितलं तिने." तिने पुढे होऊन बाईचा दंड धरला आणि आवाज बदलून, लहान मुलाशी बोलावे तसे म्हटले, "कम ऑन, हाना डार्लिंग, टी टाइम." बाईने दंड सोडवून घेतला. फुटपाथकडे तोंड करून ती म्हणाली, "पाच मिनिटांची विश्रांती. स्वच्छतागृह डाव्या हाताला आहे." मग ती सानिकाबरोबर मुकाट्याने चालू लागली, सानिका फुटपाथवरून, ती खालून.

संपदाचे काम ठरलेले होते. ती वृद्धरोगतज्ज्ञ होती आणि प्रश्न एकच होता: मिसेस हाना झाल्किंद यांना मोकळ्या विभागात राहू द्यायचे की कुलपाच्या विभागात हलवायचे. वेलिंग्टनला राहणाऱ्या त्यांच्या मुलाची संमती आली होती. तो आईवर प्रेम करणारा आणि ट्रकला घाबरणारा माणूस होता, आणि दोन्ही भावना संपदाला रास्त वाटत होत्या. उरली होती ती तिची सही. कुलपाचा विभाग वाईट नव्हता. त्याच्या दारावर आतून पुस्तकांच्या कपाटाचे खऱ्या आकाराचे चित्र चिकटवलेले होते, म्हणजे आतल्यांना ते दार आहे हे ओळखू येऊ नये आणि ते त्याच्याशी झटू नयेत. या युक्तीने अस्वस्थता कमी होते असे दाखवणारे अभ्यास संपदाने वाचले होते आणि ते तिला पटलेही होते. तरी त्या दारातून बाहेर पडताना ती दर वेळी कपाटाच्या एका कप्प्यावर, जाड पाठीच्या तपकिरी पुस्तकांवर, हात ठेवून ढकलत असे, आणि दर वेळी तळव्याला कागदाचा गुळगुळीतपणा लागला की तिला किंचित फसवल्यासारखे वाटत असे; आत किंवा बाहेर नेमके कोणाला फसवले, हे तिने तपासले नव्हते.

तपासणीत काही संदिग्ध राहिले नाही. मिसेस झाल्किंदना वर्ष सांगता आले नाही. सांगितलेले तीन शब्द त्यांना काही वेळाने आठवले नाहीत. तीन शब्द सांगितले होते हेही आठवले नाही. घड्याळाच्या वर्तुळात सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीने बसले होते. दृष्टीचा मध्य गेलेला होता, दोन्ही डोळ्यांत. ज्या गोष्टीकडे त्या रोखून पाहत ती नाहीशी होई, कडेचे जग तेवढे शिल्लक राही. "आज वार कोणता?" संपदाने विचारले. "टूर असलेला वार," त्या म्हणाल्या. "आणि सकाळी तुम्ही कुठे जाता?" "विल्नाला. दुसरीकडे कशाला जाऊ?" "परत कधी येता?" "ते ग्रुपवर आहे. अमेरिकन असले तर उशीर होतो, ते रडतात. जर्मन प्रश्न फार विचारतात. तुम्ही कुठल्या?" संपदाने भारत म्हटले. बाईने मान कलती करून तिला डोळ्याच्या कडेने न्याहाळले. "भारतातून कोणी आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बूट बरे घातलेत का? दगडी रस्ता आहे."

मुलाने फोनवर उरलेले सांगितले. आई विल्ना शहरातल्या ज्यू वस्तीत जन्मली. आठ वर्षांची असताना जर्मन सैन्य आले आणि तीच वस्ती भिंती आणि फाटके घालून घेट्टो झाली. ती कशी वाचली हे तिने कोणाला धड सांगितले नाही. युद्धानंतर निम्म्या गल्ल्या पाडून टाकल्या, एक रस्ता रुंद केला, ज्यूंचे मोठे प्रार्थनामंदिर, सिनेगॉग, होते त्या जागी शाळा उठवली. पुढे देश मोकळा झाला, परदेशी पाहुणे येऊ लागले, तेव्हा निवृत्त झालेली आई गाइड झाली आणि जवळजवळ वीस वर्षे त्यांना त्या वस्तीतून पायी फिरवत राहिली. "म्हणजे बघा, डॉक्टर," तो म्हणाला, "तिथे बघायला फारसं काही नव्हतंच. तिची सगळी टूर गवतावर आणि पार्किंगच्या जागांवर असायची." हे त्याने गंमत म्हणून सांगितले होते. मोटरवेवरून फ्लॅट बुशला घरी परतताना, एकसारख्या छपरांची एकसारखी घरे दोन्ही बाजूंनी सुरू झाली, तरी संपदाच्या मनातून ते वाक्य जाईना. सानिकाच्या नोंदी तिने पुन्हा एकेक करून आठवल्या. उलटी चालते: पाहुण्यांकडे तोंड ठेवून बोलायचे तर गाइड उलटाच चालतो. डोकी मोजते: गल्लीतून निघताना कोणी मागे राहिले नाही ना, हे पाहावेच लागते. जे लक्षण म्हणून सांगितले होते ते कसब म्हणून वाचता येत होते. पण वाचता येते म्हणजे तसेच आहे, असे नव्हे. ढगात उंट दिसतो तो पाहणाऱ्याच्या हौसेने. आणि एक गोष्ट कसबातही बसत नव्हती. कोणताही गाइड पाहुण्यांना फुटपाथवर ठेवून स्वतः रस्त्यातून चालत नाही.

तिथे तिला बाबा आठवले, आणि ती चिडली, कारण तिने त्यांना बोलावले नव्हते. बाबा नागपूरच्या शाळेत विज्ञान शिकवत. पुरावा मागितल्याशिवाय देवालाही घरात घ्यायचे नाही, असे म्हणणारा माणूस. बुद्धवंदनेलासुद्धा ते एखाद्या चांगल्या व्याख्यानाला बसावे तसे बसत. ती चौथीत असताना एकदा ते तिला गावी घेऊन गेले. पवनीच्या अलीकडे एसटी सोडली आणि दोघे चालू लागले. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, पायांत पॉलिश केलेले बूट होते, आणि चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते हे ते समजावून सांगत होते. त्यासाठी तिला मध्ये उभी करून ते तिच्याभोवती फिरूनही दाखवत होते. गावाच्या तोंडाशी रस्ता एका मोकळ्या चौथऱ्यासमोरून जाई. चौथऱ्यावर एक शेळी बसली होती, दुसरे कोणी नव्हते. त्या जागी येताच बाबा रस्ता सोडून खाली उतरले, नालीच्या कडेने, बाभळीचे काटे चुकवत चालत गेले आणि चौथरा मागे पडल्यावर पुन्हा रस्त्यावर चढले. बूट चिखलाने भरले. चंद्राचे वाक्य मात्र एका श्वासात पूर्ण झाले होते. "बाबा, तुम्ही खाली का उतरलात?" तिने विचारले. त्यांनी आधी तिच्याकडे, मग मागे वळून चौथऱ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा, फळ्यावर स्वतःच लिहिलेली चूक सापडल्यासारखा, झाला. "उतरलो?" ते म्हणाले. तिथे पूर्वी चावडी होती, आपल्या लोकांना तिच्यासमोरून वर चालायची सोय नव्हती, पायताणं हातात घेऊन खालून जावं लागे, एवढे त्यांनी वस्तीत पोहोचेपर्यंत सांगितले. आणि हेही की चावडी पडून वीस वर्षे झाली. परतीच्या वाटेवर ते चौथऱ्यासमोर मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चालले. त्या वेळी मात्र ते काहीच बोलत नव्हते.

जेवताना तिने हे का सांगितले, तिला कळले नाही. ईशा, तिची मुलगी, विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. मराठी सगळे कळे, उत्तर इंग्रजीत येई. "मम्, दॅट्स जस्ट मसल मेमरी," ती म्हणाली. "तेच तर म्हणते मी," संपदा म्हणाली. ईशाने घास थांबवला. "वेट. आजोबांना रस्त्यावरून चालायला अलाउड नव्हतं? लाइक, रोड? हाउ कम यू नेव्हर टोल्ड मी?" "सांगण्यासारखं त्यात काय होतं?" संपदाने विचारले, आणि पातेल्यात उरलेल्या वरणावर झाकण ठेवले. तिने आधी हे गाव मनातून मागे टाकले, मग नागपूर, मग पंचवीस वर्षांपूर्वी देश. प्रत्येक वेळी झाकण नीट बसले होते. आडनाव विचारून पुढचा प्रश्न गिळणारी मराठी माणसे इथल्या गणेशोत्सवातही भेटत. त्यांना ती हिल्सबरोची, हॉस्पिटलची, फ्लॅट बुशच्या घराची माहिती देई, जी खरी होती आणि पुरेशी होती. ईशाने ताट बाजूला सरकवले. "नो, बट हू वॉज स्टॉपिंग हिम?" तिने विचारले. "त्या दिवशी कोणीच नाही," संपदा म्हणाली. "एक शेळी होती."

प्रयोग सुचला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना. म्हातारी भटकते की फिरवते, हे हिल्सबरोच्या रस्त्यांवर कधीच ठरणार नव्हते. तिथे कुंपणे होती, वळणे होती. कोणाचीही वाट तीच ठरवतात. प्रश्न सोडवायचा तर जमीन कोरी हवी. जिथे भिंत नाही, कोपरा नाही, खूण नाही, अशा जागी भटकणारा माणूस भरकटत जातो. डोळे बांधून मोकळ्यावर सोडलेली धडधाकट माणसेसुद्धा सरळ चालतोय असे समजून गोल फिरतात, हे मोजून पाहिलेले आहे. कोऱ्या जमिनीवर जर वाट टिकली, तर ती जमिनीतून आलेली नाही. तिने सानिकाला फोन केला. "मुरीवाई? बीचवर?" सानिका म्हणाली. "मॅडम, ती पाण्यात गेली तर?" "ओहोटीला नेऊ. पाणी लांब असतं." "आणि ग्रुप? आपण नेलं तर ती ग्रुपशिवाय चालत नाही. एकटीदुकटी टूर मी करत नाही म्हणते." "तू आणि मी ग्रुप," संपदा म्हणाली. शेवटी ग्रुप तिघांचा झाला, कारण मिस्टर हेनारे नावाचे शेजारच्या खोलीतले निवृत्त बस-ड्रायव्हर, व्हॅन निघते म्हटल्यावर टोपी घालूनच येऊन बसले. "किआ ओरा, डॉक्टर," ते म्हणाले. "हानाची टूर मी कॉरिडॉरमध्ये बऱ्याचदा केली आहे. चांगली आहे. थांबे फार आहेत, पण चांगली आहे."

मुरीवाईची वाळू काळी असते. लोहकणांनी जड, ओली असताना पाटीसारखी. ओहोटीने समुद्र इतका मागे गेला होता की लाटा एका पांढऱ्या रेघेपुरत्या उरल्या होत्या, आणि कड्यापासून त्या रेघेपर्यंत एका खडकाचाही अडथळा नव्हता. मिस्टर हेनारे घडीच्या खुर्चीत बसले. मिसेस झाल्किंद वाऱ्यात उभ्या राहिल्या, कॉलर वर केली, छत्री उचलली. आणि संपदाने पाहिले की त्यांचा कणा, जो खोलीतल्या आरामखुर्चीत प्रश्नचिन्हासारखा दिसत होता, तो आता सरळ होता. "सुप्रभात," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला इथे काहीही दिसत नाही. तेच पाहायला आपण आलो आहोत." वीस वर्षे रोज म्हटलेले वाक्य असणार ते; गवताच्या तुकड्यासमोर, पार्किंगच्या जागेसमोर. संपदाच्या अंगावर काटा आला. वारा गार होता, हेही तिने ध्यानात घेतले.

मग त्या चालू लागल्या, आणि काळ्या वाळूवर शहर उभे राहू लागले. "ही काचकाम करणाऱ्यांची गल्ली. इथे कमान आहे, उंच माणसांनी डोकं सांभाळा," असे म्हणून त्यांनी मान लववली, आणि साडेपाच फुटी सानिकानेही लववली, मग ओशाळून संपदाकडे पाहिले. गल्ली अरुंद झाली तेव्हा मिसेस झाल्किंद उलट्या फिरल्या, पाहुण्यांकडे तोंड करून मागे मागे चालत राहिल्या, आणि न पाहता नेमक्या जागी वळल्या. एके ठिकाणी थांबून त्या म्हणाल्या, "या खिडकीत एक मुलगी बसत असे. तिला खाली अंगणातल्या माणसांच्या टोप्या तेवढ्या दिसत." मुलगी कोण, ते नाही. त्यांच्या बोलण्यात 'मी' कुठेच नव्हता; सगळे 'इथले रहिवासी', 'एक कुटुंब', 'काही जण'. पुढे मोठ्या सिनेगॉगच्या दाराशी त्या गंभीर झाल्या. बाहेरून इमारत शेजारच्या चर्चपेक्षा उंच दिसता कामा नये असा नियम होता, त्या म्हणाल्या, म्हणून बांधणाऱ्यांनी आतली जमीन खाली खणत नेली. आत शिरले की पायऱ्या उतराव्या लागत, आणि उतरता उतरता छत वर जाई. डावा हात त्यांनी नसलेल्या भिंतीवर ठेवला. सपाट वाळूवर त्यांचा एक गुडघा वाकला, पाऊल खोल जागा शोधत पुढे झाले, टेकले, मग दुसरे. त्या खरोखरच पायऱ्या उतरल्या. तळाला पोहोचून त्यांनी मान वर केली, आणि संपदानेही केली, कारण तसे न करणे अशक्य होते. वर आभाळ होते, फार उंचावर, आणि एरवी असते त्याहून उंच. वृद्धनिवासाच्या जिन्याच्या तीन पायऱ्याही ज्यांना आधाराशिवाय उतरवत नाहीत, त्या बाईंनी हे आधाराशिवाय केले होते; पायऱ्या नव्हत्या म्हणून, हे तर उघडच होते. उघड होते म्हणून काही ते लहान झाले नाही.

वर चढून आल्यावर त्या एका जागी थबकल्या. "आता रुंद रस्ता," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांनी फुटपाथवरून चालायचं. कृपया. हुकूम निघाला तेव्हा इथल्या रहिवाशांना फुटपाथवर बंदी होती. रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक. तुम्हाला बंदी नाही. तुम्ही वर राहा आणि खाली बघा, म्हणजे फरक किती होता तो कळेल." त्यांनी हाताने दाखवला: वीतभर. आणि बोलता बोलताच, उलट्या पावलांनी, त्या उतरल्या. वाळू सपाट होती, पण त्यांचे शरीर वीतभर खाली गेले आणि खालीच राहिले. "एवढाच," त्या म्हणत होत्या, "मुलाच्या पायालासुद्धा जड न जाणारा." वाक्य तुटले नाही. संपदाला पॉलिश केलेले बूट दिसले. फुटपाथ या बाईला कळत नाही, असे सानिकाने सांगितले होते, आणि आपणही ते मान्य करण्याच्या बेतात होतो. वास्तविक या पृथ्वीवर फुटपाथ इतका नीट कळलेली माणसे थोडी असतील. टूर फाटकाशी संपली. मिसेस झाल्किंद बाजूला सरल्या, एकेकाला छत्रीच्या टोकाने बाहेर जाऊ दिले, मोजले, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः बाहेर पडल्या. गाइडने शेवटी निघायचे असते.

"झालं," सानिका हळूच म्हणाली. "मॅडम, माझे तर हातपाय गार पडलेत. हे सगळं तिच्या डोक्यात आहे?" "असेल," संपदा म्हणाली. "किंवा आत्ता जमेल तसं रचलं असेल. एकदा घडलेल्या गोष्टीवरून काही म्हणता येत नाही." म्हणता म्हणता तिला स्वतःचाच कोरडेपणा लागला. तेवढ्यात मिसेस झाल्किंद आसपास कडेच्या नजरेने पाहू लागल्या, कोणाला तरी शोधावे तसे. संपदापाशी येऊन त्यांनी हात पुढे केला. "सुप्रभात. तुम्ही दहाचा ग्रुप का? उशीर झाला तुम्हाला. कुठल्या तुम्ही?" "भारत," संपदा म्हणाली. "भारतातून कोणी आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बूट बरे आहेत ना?" आणि छत्री उचलून त्या पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. आत्ताच केलेली टूर पुसली गेली होती, पूर्णपणे. संपदाला एकाएकी भान आले की कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही अशी गोष्ट तिला मिळते आहे: पहिली फेरी आठवत नसलेली व्यक्ती दुसरी फेरी करणार होती. विस्मरणानेच पुनरावृत्ती निर्भेळ केली होती. "आता तुम्हाला इथे काहीही दिसत नाही," मिसेस झाल्किंद म्हणाल्या.

या वेळी संपदा त्यांच्या अगदी जवळून चालली, नजर त्यांच्या पायांवर ठेवून. ओल्या वाळूवर पाऊल पडले की भोवतीची वाळू क्षणभर फिकट होते. दाबाने कण सरकतात, मधल्या फटी रुंदावतात, पाणी आत ओढले जाते. पाऊल उचलले की पुन्हा काळी. त्या फिकट वलयाच्या आत, पहिल्याच वळणावर, तिला ते दिसले. पाऊल पहिल्या फेरीच्या पावलावर पडत होते. कमानीपाशी दोन ठसे चुकले, बोटभर बाहेर गेले. खिडकीसमोर पुन्हा जुळले. अरुंद गल्लीत त्या उलट्या चालत होत्या, तोंड पाहुण्यांकडे, गेलेल्या दृष्टीचे डोळे आभाळाच्या बाजूला, आणि टाच जाऊन टाचेच्या खळग्यात बसत होती. संपदाने पर्यायी कारणे मांडून पाहिली. लाटांचा आवाज एका बाजूने येतो, तो दिशा देतो. वारा गालाला लागतो. किनाऱ्याला उतार आहे. ही कारणे खरी होती, आणि त्यांनी बरेचसे उलगडतही होते. पण आठ वर्षांच्या मुलीच्या पायांनी पाठ केलेले शहर, जे त्याच्या स्वतःच्या जागेवर उरले नव्हते, ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राने सकाळीच धुतलेल्या वाळूवर, बोटभर फरकाने दोनदा उतरले होते. कारण सापडल्यावर आश्चर्य संपते, असे बाबा वर्गात सांगत. ते इथे असते तर तिने त्यांना हे दाखवले असते. सिनेगॉगच्या पायऱ्या आल्या. तोच गुडघा वाकला. लांबून खुर्चीतून मिस्टर हेनारेंचा आवाज आला, "टोल्ड यू. गुड टूर."

निर्णय तिथे झाला, आणि तो भारावून केलेला नव्हता. स्मरण वेगळे आणि सुरक्षितता वेगळी. हिल्सबरोच्या उतारावर ही बाई एक दिवस ट्रकखाली गेलीच असती, कितीही अचूक चालली तरी. पण प्रयोगाने दुसरी एक गोष्ट सिद्ध केली होती. तिला रस्त्याची गरजच नव्हती. तिला मोकळी जमीन आणि मागे चालणारी माणसे एवढेच लागत होते, आणि वृद्धनिवासाच्या कुंपणाला लागून कौन्सिलचे फुटबॉलचे मैदान सकाळभर रिकामे पडलेले असे. फाटकातून ज्यांना शेवटी बाहेर पडायचे असते, त्यांना पुस्तकांचे चित्र लावलेल्या दाराआड ठेवण्याचे कारण उरत नव्हते. मिसेस झाल्किंद पायऱ्या चढून वर आल्या होत्या. "आता रुंद रस्ता. पाहुण्यांनी फुटपाथवरून चालायचं," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता, उलट्या पावलांनी, वीतभर खाली उतरल्या. संपदा सानिकाच्या शेजारून चालत होती. "सानिका, मी मुलाशी बोलते," ती म्हणाली. "कुलपाची शिफारस मी करणार नाही. रोज सकाळी मागच्या मैदानावर न्यायचं, सोबत निदान दोन माणसं, हेनारे येतीलच, आणि पाऊस असला तर रेनकोट घालून, पण टूर चुकवायची नाही, आणि तिला फुटपाथवर ओढायचं नाही."

"मॅडम," सानिका म्हणाली. तिचा स्वर वेगळा होता. ती संपदाच्या पायांकडे पाहत होती.

वाक्यातल्या रेनकोटपाशी, का टूरपाशी, तिचे तिला सांगता आले नसते. ठरवून, का आपोआप, हेही नाही. सानिका फुटपाथवर होती. संपदा खाली होती. वाक्य पूर्ण झाले होते.

मिसेस झाल्किंद थांबल्या. छत्री खाली आली. डोळ्याच्या कडेने त्यांनी संपदाला वरपासून खालपर्यंत पाहिले. "पाहुण्यांनी वरून," त्या म्हणाल्या. कडक नव्हे, पण हयगय न करता. वीस वर्षांत कोणीतरी सहानुभूतीने खाली उतरले असेलच, आणि त्याला परत वर पाठवले असेल.

"माझे वडील गावात खालूनच चालायचे," संपदा म्हणाली. हे तिने सानिकासमोर म्हटले, इंग्रजीत, मोठ्याने, वाऱ्यात ऐकू जावे म्हणून. "तसाच हुकूम होता. आमच्या सगळ्यांना."

बाईंनी काही विचारले नाही. कोणते गाव, कोणाचा हुकूम, किती दिवस, काही नाही. त्यांनी मान हलवली, ग्रुपमध्ये एक माणूस कमी झाल्याची नोंद घ्यावी तशी. मग सकाळपासून या जागी त्यांनी जे एकदाही केले नव्हते ते केले. त्या वळल्या आणि संपदाकडे पाठ करून उभ्या राहिल्या, रांगेत पुढचा माणूस उभा राहतो तशा.

"मग उजव्या कडेने," त्या म्हणाल्या. "एकामागे एक." आणि वाक्य जिथे थांबले होते तिथूनच उचलून त्या चालू लागल्या.